कागदांची पिशवी

मुलाखतीला बसले की मी आता सुरुवातीला प्रश्न विचारत नाही. "तुमची कागदांची पिशवी असेल ना? आणा, आपण दोघी मिळून बघू," एवढंच म्हणते. स्थलांतर, निर्वासितांच्या वसाहती आणि सीमा यांचा अभ्यास करता करता ही पद्धत हाती आली. आता सीमाभागातली काही मुलं-मुली मानवशास्त्राकडं वळतायत आणि फील्डवर्क म्हणजे नेमकं करायचं काय, असं विचारतात. त्यांच्यासाठी ही पद्धत कशी सापडली ते लिहून ठेवते आहे.

आमचं गाव निपाणीच्या बाजूचं. आजोबांच्या शाळेच्या दाखल्यावर मुंबई, वडिलांच्या दाखल्यावर म्हैसूर आणि माझ्या दाखल्यावर कर्नाटक असं लिहिलेलं आहे. जन्म तिघांचा एकाच घरातला. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यपुनर्रचना झाली, तेव्हा बेळगाव जिल्हा चंदगड तालुका वगळून म्हैसूर राज्यात गेला. १९७३ मध्ये त्या राज्याचं नाव कर्नाटक झालं. आजोबा दर १ नोव्हेंबरला काळा दिन पाळायचे, दंडाला काळी फीत बांधून फेरीत जायचे. सीमावाद सोडवायला १९६६ मध्ये नेमलेल्या महाजन आयोगानं पुढच्या वर्षी अहवाल दिला. त्यात २६४ गावं महाराष्ट्राला द्यावीत आणि बेळगाव शहर मात्र कर्नाटकातच राहावं, अशी शिफारस होती. महाराष्ट्रानं तो अहवाल मानला नाही, आणि २००४ पासून दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. एवढं आमच्याकडच्या शाळकरी मुलालाही तोंडपाठ असतं. सीमा म्हटलं की आम्हाला आधी भाषा आठवते: दुकानाची पाटी, बसवरचा फलक, तहसीलमधली नोटीस. आपल्या भाषेत सात-बारा मिळावा म्हणून माझ्या आजोबांनी आयुष्य घालवलं, आणि ती मागणी मला आजही पूर्ण रास्त वाटते. ज्या तालुक्यात भाषिक अल्पसंख्याक १५ टक्क्यांच्या वर आहेत, तिथं त्यांच्या भाषेत सरकारी सूचना निघाव्यात, हे देशपातळीवर मान्य झालेलं तत्त्व आहे. कुणाची मेहेरबानी मागितलेली नव्हती.

एम.ए.ला मी धारवाडला, कर्नाटक विद्यापीठात गेले. कन्नड मला घरात अर्धवट कळायचं, ते होस्टेलच्या मैत्रिणींनी पक्कं करून दिलं. पीएच.डी.साठी मला सीमाप्रश्नच घ्यायचा होता. सरांनी टिपण वाचलं आणि म्हणाले, "हा विषय तुझाच आहे, तो कुठं पळून जात नाही. पण आधी दुसऱ्या कुणाची तरी सीमा जवळून बघून ये. मग आपली बघ." त्यांनीच मला इरावती कर्वे यांनी कोयना धरणग्रस्तांची केलेली पाहणी वाचायला दिली. गावोगाव फिरून, उठवलेल्या माणसांना नवी जमीन कुठं मिळाली, कशी मिळाली, हे घराघरात विचारलेलं ते काम. त्यातला हिशेबीपणा मला फार भावला. कळवळा होताच, पण तो आकड्यांच्या आणि तपशिलाच्या आधारानं उभा होता.

मग मी मुंडगोडला गेले. उत्तर कन्नड जिल्ह्यातला हा तालुका. हुबळीहून तडसमार्गे गेलं की वाटेत भात आणि मक्याची शेतं लागतात आणि मग एकदम लाल चिवरातले भिक्खू दिसायला लागतात. १९५९ मध्ये दलाई लामा भारतात आले, त्यांच्यामागून हजारो तिबेटी आले. त्यातल्या कित्येकांनी आधी हिमालयातल्या रस्त्यांच्या कामावर खडी फोडली. म्हैसूर सरकारनं तिबेटींच्या वसाहतींना जमीन देऊ केली. १९६० मध्ये बैलकुप्पे वसली आणि १९६६ मध्ये मुंडगोड. जंगल तोडून शेत केलेली ही माणसं. गावकरी अजूनही ‘कॅम्प’ म्हणतात आणि पत्ते कॅम्पच्या नंबरानंच सांगतात. गांदेन मठ लामा कॅम्प एकमध्ये, द्रेपुंग दोनमध्ये.

परदेशी संशोधकाला अशा वसाहतीत राहायला गृहखात्याचा वेगळा परवाना लागतो. भारतीय नागरिकाला तो लागत नाही. म्हणून दार आपोआप उघडेल असं मात्र समजू नये. मी आधी सेटलमेंट ऑफिसरना भेटले. ते तिबेटी प्रशासनाकडून नेमलेले असतात. मग कॅम्पच्या पुढाऱ्याला भेटले, आणि त्यानंतर ज्यांच्या घरात बसायचं त्या प्रत्येकाला काय विचारणार, कशासाठी, लिहिलेलं कुठं जाणार, हे सांगितलं. हे सांगणं एकदा करून संपत नाही. नवं माणूस खोलीत आलं की पुन्हा सांगायचं. सहीचा कागद पुढं केला की म्हातारी माणसं आकसतात, हे पहिल्या आठवड्यातच दिसलं. म्हणून विद्यापीठाकडून तोंडी संमतीची परवानगी घेतली आणि संमती मिळाल्याची नोंद माझ्या वहीत ठेवली.

लोक बोलायचे, भरभरून बोलायचे. ल्हासा सोडल्याची रात्र, बर्फातली वाट, वाटेत गेलेली लेकरं, सीमेवर पाहिलेला पहिला भारतीय जवान. एका घरात ऐकलेली कथा तिसऱ्या घरात जवळजवळ त्याच क्रमानं ऐकायला मिळे. यात खोटं काहीच नव्हतं. लीसा माल्की यांनी टांझानियात बुरुंडीहून आलेल्या हुतू निर्वासितांमध्ये काम केलं होतं. छावणीत राहणारे लोक आपला सामूहिक इतिहास घट्ट धरून ठेवतात आणि शहरात विखुरलेले तसं करत नाहीत, हे त्यांनी दाखवलं. मुंडगोडला मला तो घट्टपणा समोर दिसत होता. पण १९६६ नंतरची वर्षं त्या कथेत नव्हती. रोजचं जगणं तिथं कुठं बसतं ते कळेना.

ते एका मो-लानं, म्हणजे आजीनं दाखवलं. ती कन्नड छान बोलायची, मधूनच हिंदी. एका दुपारी आरसीचं नूतनीकरण आलंय म्हणून तिनं कपाटातून एक प्लॅस्टिकची पिशवी काढली आणि माझ्या पुढ्यात ओतली. आरसी म्हणजे तिबेटी माणसाच्या इथल्या वास्तव्याचं नोंदणी प्रमाणपत्र. पूर्वी ते दरवर्षी नवं करून घ्यावं लागे. पुढं बहुतेकांसाठी मुदत पाच वर्षांची झाली. भारतानं १९५१ चा निर्वासितविषयक करार स्वीकारलेला नाही. त्यामुळं इथला तिबेटी कायद्याच्या भाषेत परदेशी, आणि त्याचं सगळं राहणं या वहीवर. आजी पानं उलटत एकेक शिक्का दाखवत गेली. हा धाकटा झाला त्या सालचा. हा नवरा आजारी होता तेव्हाचा, मुदत टळली, दोन वेळा परत पाठवलं. या वर्षी आम्ही स्वेटर विकायला कोल्हापूरला होतो, तुमच्याच बाजूला. जन्मतारखेच्या जागी १ जानेवारी होती, कारण लिहून घेणाऱ्यानं विचारलं तेव्हा तिला तारीख माहीत नव्हती. बर्फातल्या वाटेबद्दल ती फार तर पाच मिनिटं बोलली असेल. त्या पिशवीवर ती दिवेलागणीपर्यंत बोलत राहिली.

त्या दिवसापासून मी पिशवीपासून सुरुवात करायला लागले. त्यासोबत काही नेमही लावून घेतले. कागदाचा फोटो काढायचा नाही. कागद हातात घ्यायचा तो त्यांनी दिला तरच, आणि लगेच परत त्यांच्याच हातात द्यायचा. नंबर वहीत उतरवायचा नाही. नावाऐवजी खूण लिहायची आणि त्या खुणांची यादी वहीपासून वेगळी ठेवायची. बाहेरगावी असताना ती यादी मी जवळ बाळगत नाही. हे नेम मी आजही मोडलेले नाहीत, आणि नव्या मुलांना सगळ्यात आधी हेच सांगते. आपली वही चुकीच्या हाती पडली तर भोगावं त्यांना लागतं.

एका घरातल्या पिशवीनं मला कायदा शिकवला. २६ जानेवारी १९५० ते १ जुलै १९८७ या काळात भारतात जन्मलेला माणूस जन्मानंच नागरिक ठरतो. तिबेटींनाही हे लागू आहे, हे दिल्ली उच्च न्यायालयानं २०१० मध्ये एका खटल्यात स्पष्ट केलं. त्या घरातला मोठा भाऊ ८७ च्या आधीचा, धाकटी बहीण नंतरची. आईवडील तिबेटात जन्मलेले. म्हणजे एकाच अंगणात वाढलेल्या दोघांपैकी भाऊ पासपोर्टचा अर्ज करू शकत होता आणि बहिणीला आरसीच्या रांगेत उभं राहायचं होतं. भावानं अर्ज केला नव्हता. "आपण परत जायचंच म्हणून आलो, हे आजीला कसं सांगू?" असं तो म्हणे. बहिणीला त्याचा राग यायचा. तिचं म्हणणं, तुला मिळतंय तर घे, निदान घरात एकाचं तरी काम अडायचं नाही. दोघांचंही मला पटायचं. मी दोन्ही लिहून घेतलं आणि प्रबंधात दोन्ही ठेवलं. निकाल द्यायला मी तिथं गेले नव्हते.

पीएच.डी. झाली, नोकरी बेळगावला लागली आणि मी माझ्या बाजूच्या माणसांकडं वळले. पण मोर्चात जाणाऱ्या आमच्या लोकांकडं लगेच नाही. आधी गेले ऊसतोडीच्या कोप्यांवर.

दिवाळी सरली की बीडकडच्या टोळ्या अथणी, कागवाड, रायबागच्या शिवारात उतरतात. कारखान्याजवळच्या मोकळ्या रानात पाचटाच्या, ताडपत्रीच्या कोप्या उभ्या राहतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादमाकडची उचल, म्हणजे आगाऊ घेतलेली रक्कम, त्या एका कोयत्यावर. खाडा झाला तर पैसे कापणार. पहाटे तीनला फडावर, मोळ्या बांधून गाडी भरली की कधी रात्री परत. अशा बाईला मुलाखत द्यायला वेळ कुठला? म्हणून मी वाढे, म्हणजे उसाचे शेंडे, बांधायला बसायचे, लेकरं धरायचे, गाडी भरेपर्यंत फडाच्या कडेला थांबायचे. बोलणं व्हायचं ते भाकरी थापताना.

इथल्या पिशव्या वेगळ्या होत्या. आधारकार्डं, गावच्या रेशनकार्डाची झेरॉक्स, लेकराच्या लसीकरणाचं कार्ड, कुठल्याशा दवाखान्याची फाईल, शाळेतून आणलेली चिठ्ठी. उचलीचा कागद बायकांच्या पिशवीत कधी दिसला नाही. तो मुकादमाच्या डायरीत. "आमचं नाव कशाला लागतंय ताई, कोयता त्यांच्या नावावर हाय," एक जण सहज बोलून गेली. निम्मी मोळी ती रोज स्वतःच्या डोक्यावरून गाडीत चढवत होती. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात कंत्राटदारामार्फत नेलेल्या मजुरांसाठी १९७९ मध्ये कायदा झाला. त्यात कंत्राटदारानं परवाना घ्यावा, मजुराला पासबुक द्यावं, विस्थापन भत्ता द्यावा, प्रवासखर्च द्यावा, असं सगळं लिहिलेलं होतं. मी पाहिलेल्या एकाही पिशवीत ते पासबुक नव्हतं. हे मी ज्या ज्या सभेत बोलायची संधी मिळाली तिथं सांगितलं आणि सांगत राहीन. कायदा आहे, हंगाम आहे, माणसं दरवर्षी त्याच वाटेनं येतात, आणि तरी सीमा ओलांडताना त्यांच्या हातात त्यांच्या कामाचा एकही कागद नसतो.

शाळेच्या चिठ्ठीनं मात्र मला माझ्याच घरी आणून सोडलं. तिसरीतली एक पोरगी, गावाकडं जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेत जाणारी. कोप्यांपासून एका बाजूला कन्नड शाळा, दुसऱ्या बाजूच्या गावात कर्नाटक सरकारचीच मराठी शाळा. आईनं विचारून विचारून ती मराठी शाळा शोधली होती. गुरुजींनी पोरीला बसवून घेतलं, पण हजेरीवर नाव कसं घालायचं? तिकडचा दाखला नाही, ओळख क्रमांक त्या राज्याच्या पद्धतीचा. पोरगी हंगामभर त्या वर्गात बसली आणि दोन्ही राज्यांच्या हजेरीत गैरहजर राहिली.

त्या शाळेच्या पडवीत बसून मला आजोबा फार आठवले. आमच्या लोकांनी मोर्चे काढून, लाठ्या खाऊन ज्या मराठी शाळा टिकवल्या, त्यांतल्या एका शाळेत बीडची पोरगी पाढे म्हणत होती. शाळा टिकवणाऱ्यांच्या मनात तेव्हा ही पोरगी नसणार, आणि पोरीच्या आईला १९५६ चं काही ठाऊक असण्याचं कारण नाही. तरी तो लढा तिच्या उपयोगी पडला. आता त्या शाळांचा पट उतरतो आहे, काही वर्गांना शिक्षक नाहीत. सीमाप्रश्नाच्या सभांमध्ये मी तेव्हापासून हा मुद्दा मांडते: मराठी शाळा वाचवायची तर ती इथं ठाण मांडून बसलेल्यांइतकीच येऊन-जाऊन असणाऱ्यांचीही आहे, असं म्हणा. काही जुन्या कार्यकर्त्यांना हे आवडत नाही, आपला प्रश्न पातळ होतो असं त्यांना वाटतं. मला उलट वाटतं. आमच्या मागणीला यामुळं बळच येतं.

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा, दूधगंगा, वेदगंगा एकदम फुगल्या. चिकोडी, निपाणी, अथणी, रायबाग, कागवाड, सगळीकडं पाणी. शाळांमध्ये, मंगल कार्यालयांत गंजी केंद्रं, म्हणजे पूरग्रस्तांसाठीच्या छावण्या, उघडली. ज्या छावण्यांबद्दल मी वाचत-लिहीत आले, तशा छावणीत माझी चुलती, शेजारी, वर्गमैत्रिणी सतरंजीवर झोपल्या होत्या. घर सोडताना काय घेतलं, असं मी विचारलं. जनावरं सोडली, पोरं उचलली, आणि पिशवी. चुलतीनं ती पदराखाली कमरेला बांधून आणली होती. ज्यांची वाहून गेली, ते पंचनाम्याच्या वेळी हतबल झाले. पूर्ण पडलेल्या घराला ५ लाख रुपये जाहीर झाले होते, पण घर तुमचं होतं कशावरून? गावठाणाबाहेर, गायरानात पिढ्यान् पिढ्या राहणाऱ्यांजवळ दाखवायला काही नव्हतं. अर्ज कन्नडमध्ये, म्हातारी माणसं फक्त मराठी वाचणारी. आजोबांचा पंधरा टक्क्यांचा मुद्दा त्या रांगेत पोटापाण्याचा झाला होता.

त्या दिवसांत मी वही मिटून ठेवली आणि अर्ज भरत बसले. संशोधकानं असं करावं का, यावर आमच्या क्षेत्रात मोठा वाद आहे. माझं मत ठाम आहे. ज्याला दोन्ही लिप्या येतात आणि समोर रांग आहे, त्यानं अर्ज भरावेत. अभ्यासाच्या टिपणात ‘मी अर्ज भरले’ असं स्वच्छ लिहावं, म्हणजे वाचणाऱ्याला कळेल की हे बघणारी व्यक्ती कुठं बसून बघत होती.

पुढच्याच मार्चमध्ये टाळेबंदी आली. दोन राज्यांच्या सीमेवरचा कोगनोळीचा नाका बंद झाला, आणि ज्या आडवाटांनी आमच्याकडची माणसं कायम ये-जा करायची, त्यांच्यावर दोन्ही बाजूंनी मातीचे ढीग पडले. पट्टा पडायच्या, म्हणजे हंगाम संपायच्या, बेतात असलेल्या टोळ्या रानातच अडकल्या. तेव्हाचं सगळं काम फोनवर. रिचार्ज मारून द्यायचा आणि ऐकायचं. त्या काळातल्या नोंदी अजून पूर्ण वाचून झालेल्या नाहीत. वाचवत नाहीत.

लिहिण्याबद्दल थोडं. दिवसभराचं त्याच रात्री लिहायचं, कितीही दमलं तरी. माझ्या नोंदी मराठीत असतात. कन्नड, तिबेटी शब्द जसे कानावर पडले तसेच. प्रबंध इंग्रजीत द्यावा लागला, तो फार थोड्यांनी वाचला. म्हणून आता जे लिहिते त्यातला त्यांचा भाग मी कोप्यावर नेऊन वाचून दाखवते. बायका मध्येच थांबवतात. आजारपणाबद्दलचा एक परिच्छेद वाचल्यावर एकीनं तो काढायला लावला, "नाव नसलं तरी आमच्या टोळीला कळंल." काढला. अभ्यासाच्या दृष्टीनं तो सगळ्यात मोलाचा होता, तरी काढला. दुसऱ्या एकीनं उलट सांगितलं, मुकादमाच्या डायरीचं अजून ठळक लिहा.

सध्या चार-पाच शिक्षकांसोबत एक साधी चिठ्ठी चालवून बघतोय. एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला कन्नड. पोराचं नाव, इयत्ता, गावाकडची शाळा, इथं कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत बसलं, काय शिकलं, गुरुजींची सही. तिला सरकारी मान्यता नाही. गेल्या हंगामात अथणीकडच्या दोन शाळांनी ती दिली. बीडकडच्या एका मुख्याध्यापकांनी ती बघून पोराला वरच्या वर्गात बसवलं, दुसऱ्यांनी परत पाठवली. दोन्ही जिल्ह्यांच्या शिक्षण खात्यांना अर्ज दिला आहे, मराठीत आणि कन्नडमध्ये. त्यावर अजून उत्तर आलेलं नाही. यंदाच्या चिठ्ठ्या छापून आल्यात, आणि बायकांनी सांगितल्याप्रमाणं या वेळी कागद जाड घेतलाय, पिशवीत टिकेल असा.